निवेदकहो, शेवटचं कडवं गाळू नका

मुंबई आणि उपनगरांत मराठी गाण्यांचे कार्यक्रम करणारे निवेदक, संहितालेखक आणि संयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, शिवाय दिवाळी पहाट आणि गणपतीतले मंडप. तुमच्या कार्यक्रमांची मी जुनी श्रोती आहे. जुनी गाणी आज लोकांच्या ओठांवर आहेत त्यात तुमचा मोठा वाटा आहे, असं मी मनापासून मानते. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांना कवी ग्रेस किंवा शाहीर अण्णा भाऊ साठे ही नावं पुष्कळदा पाठ्यपुस्तकाआधी तुमच्याकडून कळलेली असतात. कधी आईबाबांबरोबर ऐकलेल्या कार्यक्रमातून, कधी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तुमच्या निवेदनाच्या तुकड्यातून. गाणं सुरू होण्याआधी तुम्ही जे दोन मिनिटं बोलता, ते त्यांच्या डोक्यात गाण्याइतकंच पक्कं बसतं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतसुद्धा ते मला वाचायला मिळतं.

म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच आहे, की गाण्याचा अर्थ सांगायचा तर तो गाण्याच्या शब्दांत शोधावा, आणि सगळ्या शब्दांत शोधावा. हल्ली ध्रुवपद आणि एखादं कडवं म्हणून गाणं आटोपतं, आणि उरलेल्या शब्दांची जागा कवीच्या आयुष्यातला एखादा ऐकीव किस्सा घेतो.

पाऊसगाण्यांच्या कार्यक्रमांपासून सुरुवात करते. ग्रेस यांचं 'ती गेली तेव्हा रिमझिम' त्यात हमखास असतं. हृदयनाथ मंगेशकरांनी ते स्वरबद्ध केलं आणि गायलंही. अशाच एका कार्यक्रमात त्याची ओळख 'प्रेयसी सोडून गेलेल्या प्रियकराचं गाणं' अशी करून दिली गेली. मागच्या पडद्यावर बागेतलं रिकामं बाकडं होतं. कवीच्या तरुणपणातल्या प्रेमभंगाची एक गोष्टही सांगितली गेली, ती कुठे वाचली, कुणी सांगितली याचा उल्लेख न करता. सभागृह हळहळलं.

आता कविता पाहा. 'ती आई होती म्हणुनी' असं तीत चक्क लिहिलेलं आहे. पुढे अंगणात उभं असताना आपलं बालपण संपल्याची जाणीव आहे, खिडकीवर एकटा धुरकट कंदील आहे. गेलेली कोण, मागे राहिलेला कोण, त्याचं वय साधारण काय, हे सारं कवीने सांगून ठेवलं आहे. दुर्बोध म्हणून ज्यांच्याविषयी वर्षानुवर्षं बोललं गेलं त्या कवीने इथे काहीच लपवलेलं नाही. पण पहिल्याच ओळीत 'ती' दिसते, 'पाऊस' दिसतो, आणि आपण प्रेमगीत ठरवून मोकळे होतो.

यात नुकसान काय, असं कुणी विचारेल. नुकसान असं, की या कवितेतलं खरं विलक्षण जे आहे ते ऐकूच येत नाही. मुलगा रडतो आहे, आणि त्याच वेळी त्याचं लक्ष वाऱ्याने उडणाऱ्या पाचोळ्याकडे आहे, ढगांत अडकलेल्या किरणांकडे आहे. आई गेल्याच्या क्षणी मूल असल्याच बारीकसारीक गोष्टी पाहतं आणि त्या जन्मभर लक्षात ठेवतं. ज्यांची आई लहानपणी गेली त्यांना हे सांगावं लागत नाही. त्या दिवशी सभागृहात असे कितीतरी लोक बसलेले असणार. त्यांचं गाणं त्यांच्यासमोर दुसऱ्याच कुणाला देऊन टाकलं गेलं.

याच कवीचं 'भय इथले संपत नाही' लतादीदींच्या आवाजात आणि हृदयनाथांच्या चालीत 'महाश्वेता' मालिकेमुळे घराघरांत पोचलं. तिथे गोष्ट उलटी आहे. त्यातला 'तू' कोण हे कविता सांगत नाही. संध्याकाळ आहे, गाणं आहे, ती गीतं शिकवणारं कुणीतरी आहे, बस. अशा ठिकाणी निवेदकाने 'तू'ला नाव देऊ नये. जे सांगितलेलं नाही ते न सांगितलेलंच राहू द्यावं. एका कवितेत लिहिलेलं वाचायचं नाही आणि दुसरीत न लिहिलेलं जोडायचं, ही सवय मला फार खटकते.

आता ज्या गाण्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले, त्याकडे वळते. अण्णा भाऊ साठे यांची छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, 'माझी मैना गावावर राहिली'.

मुंबईतल्या लोकगीतांच्या कार्यक्रमांत ही छक्कड आता ठसकेबाज प्रेमगीत म्हणून येते. ढोलकी जोरात, नाचणाऱ्या मुली, मैनेच्या रूपाचं वर्णन करणारा भाग, पुन्हा ध्रुवपद, टाळ्या, पुढचं गाणं. निवेदनात असतं, 'गावाकडच्या बायकोची आठवण काढणाऱ्या रांगड्या गड्याचं हे गाणं'. सुरुवातीपुरतं ते खरंच आहे. पण छक्कड पुढे जाते. गरिबीने दोघांची ताटातूट होते. भल्या पहाटे भाकरतुकडा बांधून नवरा मुंबईला निघतो. तिला हसवण्यासाठी तो शिंदेशाही तोड्यांचं, कोल्हापुरी साजाचं वचन देतो आणि ती हसत नाही. मग मुंबई येते. एकीकडे मलबार हिल, दुसरीकडे रात्रंदिवस राबणारं परळ. आणि त्यानंतर, हे सगळं ऐकून झाल्यावर, शाहीर सांगतो की जी गत या मैनेची तीच खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं येतात. गावावर राहिलेली मैना म्हणजे राज्याबाहेर राहिलेला मराठी मुलूख, हे तिथे उघड होतं.

हा अर्थ मी माझ्या मनाने लावलेला नाही. तो छक्कडीच्या शब्दांत आहे, शेवटाकडे. आणि तेवढाच भाग कार्यक्रमांत गाळला जातो.

जरा आठवून पाहा ही छक्कड कशातून आली. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या मोर्चावर गोळीबार झाला. १ नोव्हेंबर १९५६ला मराठी-गुजराती मुलूख एकत्र असलेलं द्वैभाषिक मुंबई राज्य आलं आणि बेळगाव, कारवार तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १ मे १९६०ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, तेव्हा डांग आणि उंबरगाव गुजरातेत राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून अमर शेखांच्या पहाडी आवाजात हे शब्द जेव्हा मैदानभर जात, तेव्हा समोर गिरणीतून सुटलेले कामगार बसलेले असत. त्यांच्यातल्या कित्येकांची मैना खरोखरच सातारा-सांगलीकडे, कोकणात, घाटावर राहिलेली होती. अण्णा भाऊंनी त्यांना प्रांतरचना समजावून सांगितली नाही. त्यांच्या छातीत आधीपासून असलेलं दुःख घेतलं आणि त्यालाच नकाशा जोडला. बायकोचा विरह ज्याला कळतो त्याला सीमाप्रश्न कळलाच पाहिजे, अशी ती रचना आहे. मराठीतल्या राजकीय कवितेत याच्या तोडीचं फार थोडं आहे, असं माझं मत आहे आणि ते मी वर्गात ठासून सांगते.

म्हणूनच पहिले दोन अंतरे घेऊन थांबणं म्हणजे गाणं थोडक्यात घेणं होत नाही. ज्याच्यासाठी ते लिहिलं गेलं तेच त्यातून जातं. शिवाय परळ-लालबागच्या मंडपात, जिथे गिरण्यांच्या जागी आता टॉवर उभे आहेत, तिथे परळच्या कष्टाचं कडवं गाळून ही छक्कड म्हटली जाते तेव्हा मला फार वाईट वाटतं. समोरच्या रांगेत बसलेल्या आजोबांना ते कडवं पाठ असतं. मी त्यांचे ओठ हलताना पाहिले आहेत, ध्वनिवर्धकावर दुसरंच गाणं सुरू झाल्यावरही.

इथे कवीचं चरित्र सांगायला माझी हरकत नाही, उलट सांगाच. अण्णा भाऊ वाटेगावहून मुंबईला आले ते पायी चालत. त्यांनी गिरणीत काम केलं, घाटकोपरच्या चिराग नगरात ते राहिले, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकातून गायले. ही माहिती छक्कडीला उजळते, कारण गाव, पहाट, परळ हे सगळं आधी छक्कडीत आहे. गाण्याने दार उघडलं की चरित्र आत यावं.

श्रद्धांजलीच्या कार्यक्रमांत नेहमी होणारं आणखी एक गाणं घेते. गीतरामायणातलं 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा'. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांची चाल आणि आवाज. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५पासून गीतरामायण सुरू झालं, एकूण ५६ गीतं, हे तुम्ही सगळे सांगता. त्यानंतर सांगता, की माणसाच्या हातात काही नाही, नियतीपुढे आपण सारे हतबल, हाच या गाण्याचा संदेश.

पण हे गाणं कोण कुणाला म्हणतंय? चित्रकूटावर भरत आलेला आहे, रामाला परत न्यायला. त्याला आईची लाज वाटते, स्वतःची लाज वाटते, आणि रामाने राज्य घेतलं तरच तो या लाजेतून सुटणार आहे. राम त्याला समजावतो आहे. कैकेयीचा दोष नाही, वडिलांचा दोष नाही, कुणाचाच नाही, हे आधी सांगून तो भरताच्या मनावरचं ओझं उतरवतो. सागरात भेटून लाटेने पुन्हा दुरावणाऱ्या दोन ओंडक्यांची ती प्रसिद्ध उपमाही त्याचसाठी आहे; वाल्मीकींच्या अयोध्याकांडातही राम ती भरतालाच सांगतो. आणि मग गाणं वळतं. चौदा वर्षं संपल्याविना अयोध्येला येणार नाही, 'सत्य हे त्रिवार'. पुन्हा कुणी इथे येऊ नका. तू राजा हो, अयोध्येचा मान वाढव.

हतबल माणूस असं बोलेल का? हा राम ठाम आहे. त्याने निर्णय घेतला आहे, तो बदलणार नाही, आणि धाकट्या भावाला न दुखावता तो निर्णय त्याच्या गळी उतरवायचा आहे. मोठा भाऊ धाकट्याला जे सांगतो ते अशा वेळी काही अंशी त्याच्या समाधानासाठीही असतं. गीतरामायणात यानंतर भरताचं गीत आहे आणि त्यात तो पादुका मागतो. म्हणजे तत्त्वज्ञान ऐकून तो शांत झालेला नाही, त्याला काहीतरी हातात हवं आहे. हा सारा जिवंत, दोन भावांतला प्रसंग गाळून दोन कडव्यांचं सुभाषित उरतं. घरात कुणी गेलं की त्या दोन कडव्यांनी धीर येतो, आणि येवो. पण ते गाऊन झाल्यावर 'असा हा शरणागतीचा संदेश' असं म्हणू नका. पुढच्या ओळीच त्याच्या विरुद्ध साक्ष देतात.

गीतरामायणाकडे पाहिलं की दुसरी एक गोष्टही लक्षात येते. तिथे माडगूळकर रामाचं बोलतात, सीतेचं बोलतात, भरताचं, शूर्पणखेचंही बोलतात. तो 'मी' म्हणजे माडगूळकर, असं कुणीच समजत नाही. मग भावगीत आलं की गाण्यातला 'मी' लगेच कवी कसा होतो? जगदीश खेबुडकरांनी लिहिलेल्या लावण्यांत बोलणारी बाईच असते. चित्रपटगीत तर पात्रासाठी, प्रसंगासाठी, दिलेल्या चालीवरही लिहिलं जातं. 'मी डोलकर' हे गाणं अजूनही कुठेकुठे पारंपरिक कोळीगीत म्हणून सांगितलं जातं. ते लिहिलं शांता शेळके यांनी. वरळी, वेसावे, खारदांड्याच्या लोकांनी ते आपलं मानलं, यात त्या कवयित्रीचं किती मोठं यश आहे! पण 'पारंपरिक' म्हटलं की तिचं नावच जातं आणि त्या यशाचाही पत्ता लागत नाही. आकाशवाणीचे निवेदक गायकाबरोबर गीतकाराचं नावही सांगत आले, म्हणून आमच्या पिढीला ही नावं माहीत आहेत. आपला कॉपीराइट कायदाही लेखकाचा हा नावाचा हक्क मान्य करतो, कलम ५७ त्यासाठीच आहे. मला मात्र कायद्यापेक्षा साध्या कृतज्ञतेची आठवण करून द्यावीशी वाटते.

कडवी गळण्यामागे एक जुनं कारण आहे, तेही नोंदवते. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं मावत. कविता मोठी असली तरी ध्वनिमुद्रणात दोन-तीन कडवीच घेता येत. पुढे तीच तबकडी लोकांच्या कानात बसली आणि तेवढंच गाणं असं वाटू लागलं. त्या काळच्या संगीतकारांनी कुठली कडवी ठेवायची याचा विचार केला होता, पुष्कळदा कवीला विचारून. आज रंगमंचावर तबकडीचं बंधन नाही. आज कडवी जातात ती मेडलेसाठी, म्हणजे अनेक गाण्यांचे तुकडे सलग जोडण्यासाठी, कराओके ट्रॅक तेवढाच मिळतो म्हणून, नाहीतर वीस गाण्यांऐवजी तीस गाण्यांची जाहिरात करता यावी म्हणून. तुमची अडचण मला कळते. नाट्यगृह वेळेत रिकामं करावं लागतं, प्रायोजकाचे दोन शब्द असतात, वन्समोअर येतो. तरी पंचवीस गाणी पूर्ण ऐकायला मी तिकीट काढीन, आणि माझ्यासारखे पुष्कळ काढतील.

ही सवय फक्त मराठी गाण्यांपुरती नाही. १९५६ सालच्या 'सीआयडी' या हिंदी चित्रपटातलं मजरूह सुलतानपुरींचं 'ये है बॉम्बे मेरी जान' हे गाणं मुंबईच्या कौतुकाचं म्हणून आपल्या वाद्यवृंदांत वाजतं. खरं तर सुरुवातीची बरीच कडवी ही तक्रार आहेत. या शहरात सगळं मिळतं, माणसाचं मन मिळत नाही, असं ते म्हणतात. शेवटी गीता दत्तच्या आवाजातली बाई त्या तक्रारीला उलट उत्तर देते आणि 'जगणं कठीण'चं 'जगणं सोपं' करते. तक्रार आणि उत्तर दोन्ही ऐकल्याशिवाय ते गाणं मुंबईविषयी काय म्हणतं हे कळणं शक्य नाही. आणि पुष्कळदा उत्तर देणाऱ्या बाईलाच वेळ उरत नाही.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, ऐकणाऱ्याने हवा तो अर्थ लावावा, गाणं सगळ्यांचं असतं. अगदी बरोबर. 'ती गेली तेव्हा' ऐकताना कुणाला सोडून गेलेली मैत्रीण आठवली तर त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरंच आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाला तो हक्क आहे. तुमच्या हातात मात्र माइक आहे, आणि तुम्ही 'मला असं वाटतं' म्हणत नाही, 'कवीने हे अमुक प्रसंगी लिहिलं' असं सांगता. ते ऐकणाऱ्याला खरं वाटतं. माझ्या वर्गातली मुलगी मला सांगते, 'मॅडम, पण निवेदकांनीच सांगितलं.' तिच्यासमोर मी कवितेचं पान उघडून ठेवते आणि ती ओळ वाचते. तिचा चेहरा पडतो. तुमच्यावरचा तिचा विश्वास असा जाऊ नये असं मला वाटतं.

किस्से सांगूच नका असं मी म्हणत नाही. चाल कशी सुचली, ध्वनिमुद्रणाच्या दिवशी काय घडलं, हे संगीतकाराने किंवा गायिकेने स्वतः लिहून ठेवलं असेल तर जरूर सांगा, आणि कुठे लिहिलं आहे तेही सांगा. त्यातून गाणं कसं घडलं ते कळेल. ते काय म्हणतं, यासाठी छापील कविता हातात घ्यावीच लागेल. ग्रेस, शांताबाई, माडगूळकर यांचे संग्रह मिळतात. अण्णा भाऊंच्या निवडक वाङ्मयाचा खंड राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेला आहे. नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात एक दुपार बसलात तरी एका कार्यक्रमाची संहिता नीट होईल.

१ ऑगस्टला अण्णा भाऊंची जयंती असते. परळ, चेंबूर, घाटकोपर, सगळीकडे कार्यक्रम ठरतात. त्यातल्या एका तरी कार्यक्रमात मैना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणा. आधी काही सांगू नका. झाल्यावर फक्त बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही चार नावं पुन्हा एकदा वाचा आणि ती कधी, कुठे गेली ते सांगा. मैनेचा शेवटचा भाग पाठ असलेले शाहीर आणि कलापथकांतले जुने लोक मुंबईत अजून आहेत, त्यांना बोलवा. संहिता वाचायला कुणी हवं असेल तर संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर मी तालमीला येऊन बसेन, त्यासाठी मानधन नको.

आपली,
दादरची एक श्रोती आणि मराठीची शिक्षिका